एकोण म्हणजे नऊ

टिटवाळा
१९ जुलै २०२५

मृणाल,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दाम लिहीत नाही. माझा फोन शाळेत चार हातांतून फिरतो, आणि मी लिहिलेलं शिक्षकांच्या ग्रुपवर पोचायला मधल्या सुट्टीचीसुद्धा वाट बघावी लागत नाही.

तुझ्या संस्थेचा अहवाल सोमवारी मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये वाचला. घोडबंदर रोडच्या एसीत बसून तुम्ही ठरवलंत की माझ्या तिसरी अ मधल्या नऊ मुलांना स्थानमान येत नाही. दशक कुठला, एकक कुठला, त्यांना कळत नाही म्हणे. चोवीस वर्षं मी तिसरीला गणित शिकवतेय. ये आणि उजळणी घे माझ्या वर्गाची. एक मूल अडखळलं तर मला सांग.

चाचणी कशी झाली ते तुला तिथे बसून दिसलं नसेल. कानाला हेडफोन, टॅबलेटमधली बाई एकेक संख्या बोलते, आणि मुलांनी ती काचेवर बोटाने लिहायची. ज्यांनी जन्मात पहिल्यांदा हेडफोन घातला ती मुलं ऐकतील की कान चाचपतील?

आता या नऊ जणांना रोज दोन तास वर्गातून उठवून जिन्याखालच्या खोलीत ‘पायाभूत वर्गा’त बसवणार. तिथे शिक्षक नाही, टॅबलेट. मुलांनी त्या खोलीचं बारसंही उरकलं: ढ खोली. त्या नऊ जणांत सोनल आहे. फळा मीच पुसणार म्हणून रोज भांडायची, ती परवापासून शेवटच्या बाकावर जाऊन बसते.

तू तिथे आकडेमोड करतेस ना? मग ती नऊ नावं खोड. आत्या म्हणून सांगते. नुसतं आत्या म्हणून चालत नसेल तर बाई म्हणून.

निशाआत्या


खोपट, ठाणे
२६ जुलै २०२५

आत्या,

जय भीम. पत्र मिळालं. कार्यालयाच्या ईमेलवरून कुठल्याही शाळेबद्दल बाहेर लिहायची मला परवानगी नाही, त्यामुळे कागद मलाही सोयीचा आहे.

मी काही खोडणार नाही. निकाल चुकीचा आहे हे दाखवता आलं तर तो बदलता येतो. खोडता येत नाही.

हेडफोनचा मुद्दा तपासला. त्याच्यामुळे गोंधळ झाला असता तर चुका कुठेही आणि कशाही झाल्या असत्या. तशा त्या नाहीत. मी मुलांची मूळ उत्तरं काढून पाहिली. माझ्याकडे नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. नऊही जणांनी पंचेचाळीस, बासष्ट, त्र्याऐंशी बरोबर लिहिलंय. एकोणीस बरोबर आहे, नव्व्याण्णवही बरोबर आहे. चुकलंय ते असं: एकोणतीस ऐकून ३९, एकोणचाळीस ऐकून ४९, एकोणसाठ ऐकून ६९. हे एकोणनव्वदपर्यंत जातं, तिथे ९९. दर वेळी नेमकं दहाने जास्त. कमी एकदाही नाही.

ज्याला दशक-एकक कळत नाही तो पंचेचाळीसचे ५४ करतो. ही मुलं तसं करत नाहीत. अहवालात ‘स्थानमान कच्चे’ असं आलं, कारण वीसपैकी सात प्रश्न चुकले की यंत्र तो शेरा देतं, आणि ‘एकोण’च्या संख्या नेमक्या सात होत्या. शेरा चुकला असं मला वाटतं. पण मुलं अंदाजाने लिहीत नाहीत. ती कुठला तरी नियम पाळतायत. कुठला, ते आकड्यांत दिसत नाही.

एक काम कर. त्या नऊ जणांना एकेकटं बोलावून एकोणतीस लिहायला सांग आणि विचार, “कसं लिहिलंस?” चूक की बरोबर ते सांगू नकोस. चेहऱ्यावरही दिसू देऊ नकोस. तुझ्या भुवया बोलतात. फक्त ऐक, आणि ऐकलेलं जसंच्या तसं मला कळव.

मृणाल


टिटवाळा
४ ऑगस्ट २०२५

मृणाल,

शाब्बास! तुझं पत्र स्टाफरूममध्ये उभं राहून वाचून दाखवलं. तुझं नाव घेतलं नाही, “माझ्या ओळखीच्या एक तज्ज्ञ” म्हटलं. तिसरी ब चे सुशांत सर लगेच म्हणाले, “बाई, त्या तज्ज्ञ तुमच्या भाचीच ना?” मी म्हटलं, भाची असली म्हणून आकडे बदलतात का? सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्या दिवाळीतही हसत नाहीत.

शेवटी तुमचं संशोधन काय सांगतं? आम्ही जे आधीपासून ओरडून सांगतो तेच. मुलं ढ नाहीत. फक्त ते सांगायला तुम्हाला यंत्र लागतं, एवढाच फरक.

मुलांना विचारलं. लाजतात ग ती, त्यांना काही सांगता येत नाही. ते जाऊ दे. तू आता संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी दे: चाचणी सदोष होती, तिसरी अ मध्ये काही दोष नाही. तेवढ्यावर मी पुढचं बघून घेते.

दादाला सांग, औषध वेळेवर घे.

आत्या


खोपट, ठाणे
९ ऑगस्ट २०२५

आत्या,

लेटरहेडवर असं देणार नाही, कारण ते अर्धंच खरं आहे. चाचणीचा निष्कर्ष चुकला. पण मुलांची उत्तरंही चुकली आहेत. एकोणतीस म्हणजे ३९ नव्हे. स्टाफरूममध्ये वाचताना हा भाग तू गाळला असावास.

मी आणखी एक गोष्ट पाहिली. सुशांत सरांचा वर्ग. शाळा तीच, चाळी आणि नव्या इमारती त्याच, हेडफोनही तेच. त्यांच्याकडे दहाने जास्त लिहिणारी मुलं दोन आहेत. बहुतेक शाळांत साधारण एवढीच आहेत. तुझ्याकडे नऊ. असा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

मुलं लाजली, हे मला पटलं नाही. जूनमध्ये मी तुझ्या वर्गात अर्धा तास बसले होते. तेवढ्या वेळात त्यांनी मला चष्म्याचा नंबर, पगार आणि लग्न, तिन्ही विचारलं. तेव्हा एक तर तू विचारलं नाहीस, नाहीतर उत्तर तुला आवडलं नाही.

तू त्यांना ‘एकोण’ कसं शिकवतेस, एवढंच लिही.

विनीत सरांशी बोलले. ते आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. म्हणाले, “अगं, एका वर्गासाठी छापलेला अहवाल उघडायचा? सरासरी बघ ना.” मी म्हटलं, “सर, जिन्याखालच्या खोलीत सरासरी बसणार नाहीये.” ते म्हणाले, “बरं, लिहून आण.” लिहायला मला कारण लागेल. माझ्याकडे ते नाही. तुझ्याकडे आहे.

मृणाल


टिटवाळा
६ सप्टेंबर २०२५

मृणाल,

तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तू फार शहाणी झालीयस, असं त्या तिन्हींत होतं. ते इथेही राहू दे.

विचारलं होतं मी. सगळ्यात आधी साकेतला. त्याने ३९ लिहिलं. म्हटलं, कसं लिहिलंस रे? तो म्हणाला, “बाई, तुम्हीच सांगितलं ना, एकोण म्हणजे नऊ. म्हणून नऊ लिहिले. मग तीस ऐकू आलं, म्हणून तीन.” आणि माझ्याकडे असा बघत राहिला की विसरले मीच.

एकोण म्हणजे नऊ. मी विचारते, “एकोण म्हणजे?” आणि वर्ग ओरडतो, “नऊ!” बाजूच्या वर्गातून दार आपटतात इतका. दर वर्षी. युक्ती सोपी आहे, मुलांना आवडते, मलाही आवडते. उजळणीत ती कधी पकडली गेली नाही, कारण अठ्ठावीस झाले की हात आपोआप २९ लिहितो. वह्या सगळ्या बरोबर. क्रम मोडून, नुसतं ऐकून लिहा, असं मी कधी सांगितलंच नव्हतं. ते तुमच्या टॅबलेटमधल्या बाईने सांगितलं.

मी साकेतला पाटीवर २९ काढून दाखवले. म्हटलं, “मग याला काय म्हणायचं?” त्याने खरोखर विचार केला ग. म्हणाला, “त्याला नाव नाही बाई. तो नुसता मध्ये असतो.” तेवढ्यात सोनल मागून म्हणाली, “पण नव्व्याण्णवला दोन नावं आहेत. एकोणनव्वदपण तोच. श्रीमंत आहे तो.”

सांग, ही मुलं ढ आहेत? माझ्या एका वाक्यावर त्यांनी शंभरापर्यंतचं अख्खं गाव वसवलं. एक घर बिननावाचं ठेवलं, एकाच्या दारावर दोन पाट्या लावल्या, आणि कुठेही तक्रार केली नाही, कारण बाईंनी सांगितलं होतं. हे तुला कळवायला नको वाटलं, म्हणून मुलं लाजतात असं लिहून मोकळी झाले. आता राग आलाय, म्हणून लिहिते.

मग मी पहिल्यापासून शिकवायला घेतलं. त्या दिवशी मुलं होती एकोणतीस. म्हटलं, “मला धरून आपण किती?” त्यांनी बोटं नाचवत मोजलं, “तीस!” म्हटलं, “आता एक जण बाहेर जाणार. तीसला एक कमी. एकोण म्हणजे एक कमी. सोनल, जा बघू दाराबाहेर.”

ती उठेना. दोन्ही हातांनी बाक धरला. “बाई, मला त्या खोलीत नका पाठवू. मी बरोबर लिहीन.”

मग मीच बाहेर गेले. व्हरांड्यात उभी राहून ओरडले, “आता आत किती?” आतून आलं, “एकोणतीस!” म्हटलं, “लिहा!” परत आले तेव्हा सोनलच्या पाटीवर २९ होते. तिने पाटी माझ्याकडे केली नाही, छातीशी धरून ठेवली. मला वाकून बघावं लागलं.

पायाभूत वर्ग येत्या पंधरवड्यात सुरू करायचाय आणि त्यांना माझी सही हवीय. वर्गशिक्षकाच्या संमतीशिवाय मूल उठवू नये, असं त्यांच्याच परिपत्रकात आहे. सही मिळणार नाही.

आत्या


खोपट, ठाणे
११ सप्टेंबर २०२५

आत्या,

साकेतचं वाक्य मी नावाशिवाय, पण शब्दश: टिपणात घेतलं. कौतुक म्हणून नाही. आमच्या चाचणीत उत्तर नोंदवायला जागा होती, ते कसं आलं ते नोंदवायला नव्हती. ही आमची त्रुटी आहे आणि ती तशीच लिहिली.

टिपणात इतकंच आहे: या सात प्रश्नांवरून कुठल्याही मुलाला स्थानमानाचा शेरा देऊ नये, दिलेले शेरे मागे घ्यावेत, आणि वर्गात ‘एकोण’चा अर्थ काय सांगितला जातो ते शिक्षकांनी मुलांनाच विचारावं. तुझं किंवा शाळेचं नाव नाही.

विनीत सरांनी ते वाचलं.
“हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, आमची चाचणीच चुकीची.”
“सात प्रश्नांपुरती आहे, सर.”
“टॅबलेटवाल्यांचा करार याच अहवालावर उभा आहे. कळतंय ना तुला?”
“कळतंय.”
“मग?”
“मग टिपण आज जाईल.”

चाचणी झालेल्या सगळ्या शाळांना ते माझ्या सहीने गेलं.

आता एक विनंती. सुशांत सरांना तुझी नवी पद्धत इतक्यात सांगू नकोस. सहा आठवडे त्यांचा वर्ग आहे तसा राहू दे, म्हणजे दोन वर्गांतला फरक मोजता येईल. एका वर्गावरून काहीच सिद्ध होत नाही. तू दाराबाहेर गेलीस म्हणून मुलं शिकली, की कोणीतरी पहिल्यांदाच शब्दाचा अर्थ सांगितला म्हणून, हे मला माहीत नाही. तुलाही नाही.

मृणाल


टिटवाळा
२४ सप्टेंबर २०२५

मृणाल,

सुशांत सरांना मी मुलांना शिकवलं त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांच्या वर्गातली दोन मुलंही ३९ लिहीत होती ना? ती काय तुझ्या मोजमापासाठी सहा आठवडे तशीच भिजत ठेवू? तुझा प्रयोग बिघडला असेल तर बिघडू दे. मूल चुकतंय हे दिसत असताना तोंड बंद ठेवायला मला कुणी शिकवलेलं नाही. चौथीत जाऊन माझी गेल्या वर्षीची मुलंसुद्धा तपासली. तिथेही निघाली. त्यांना मधल्या सुट्टीत बसवते, शिव्या खाते आणि शिकवते.

परवा ऋतुराज म्हणून पायाभूत वर्गाचा समन्वयक आला होता. पोरगा गुणी आहे, “मॅम, मॅम” करत होता. मोठ्या बाईंच्या खोलीत बसलो.

“मॅम, ते टिपण आमच्याकडेपण आलंय. सोपा उपाय आहे. नऊ जणांची परत टेस्ट घेऊ. पास झाले की नावं काढतो.”

“पास होतील,” मी म्हटलं.

“मग झालंच की!”

“नाही झालं. टेस्ट होणार नाही.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “निशाबाई, हा काय हट्ट? तुम्हीच म्हणता पास होतील.”

“बाई, सोनल रोज सकाळी मला दारात विचारते, आज नेणार का. आता तिच्या कानाला परत हेडफोन लावून सांगू, की तू ढ नाहीस हे सिद्ध कर? तिने काय गुन्हा केला? शिकवलं तसं लिहिलं. चुकीचं मी शिकवलं. तपासायचं असेल तर मला तपासा. लाव रे बाळा, मला हेडफोन लाव.”

ऋतुराजने हेडफोन हळूच पिशवीत ठेवला. मोठ्या बाई म्हणाल्या, “चुकीचं शिकवलं, हे लेखी द्याल?” मी म्हटलं, देईन.

आज शाळेच्या संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली. चुकीचे अध्यापन केल्याची कबुली दिली आणि पायाभूत वर्गाला संमती नाकारली, असे दोन आरोप. खुलासा समाधानकारक नसेल तर तिसरी काढून घेणार आणि मला ऑफिसात शालेय पोषण आहाराच्या नोंदी करायला बसवणार. मग नव्या वर्गशिक्षकाची सही घ्यायला त्यांना कितीसा वेळ लागतो?

भीती वाटतेय की नाही, ते विचारू नकोस.

आत्या


खोपट, ठाणे
२८ सप्टेंबर २०२५

आत्या,

विचारत नाही.

मला प्रकल्पातून काढलंय. एक तारखेपासून जुन्या फायली नीट लावायचं काम. त्याआधी मला सांगितलं, की ते टिपण माझं ‘वैयक्तिक मत’ होतं असं सगळ्या शाळांना कळव. मी म्हटलं, मत असतं तर कळवलं असतं. ते मोजमाप आहे. तसं पत्र मी काढलेलं नाही आणि काढणार नाही.

टिपणाला उत्तरं येऊ लागली आहेत. डोंबिवलीच्या एका बाईंनी लिहिलंय, “आमच्याकडेही एकोण म्हणजे नऊच चालतं. मुलांना विचारलं आणि खुर्चीत बसून राहिले.” कल्याणच्या एका शाळेने शेरे मागे घेतले. तेव्हा ही युक्ती तुझ्या एकटीची नाही, आणि मी तुझ्या वर्गाबद्दल सांगितलेलं इतर ठिकाणीही लागू आहे. माझ्या वाक्यांपैकी एवढं आता जरा खात्रीने म्हणता येतं. सहा आठवड्यांची विनंती मागे घेते.

खुलाशाचा मसुदा सोबत पाठवला आहे. त्यात फक्त चाचणीच्या निष्कर्षाबद्दल लिहिलंय, आधाराला माझं टिपण. तू काय शिकवत होतीस त्याचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही. तो केलास तर पहिला आरोप तू स्वत:च सिद्ध करून देशील आणि तिसरी जाईल. बोललेलं नाकारता येतं. लिहिलेलं नाही. या वेळी तेवढाच भाग लिही. नंतर काय सांगायचं ते वर्ग हातात राहिल्यावर सांग.

मी हे विचार करून लिहिते आहे.

मृणाल


टिटवाळा
४ ऑक्टोबर २०२५

मृणाल,

मसुदा छान आहे. एकही मात्रा चुकलेली नाही. वापरला नाही.

अर्धं खरं लेटरहेडवर द्यायला तू ऑगस्टमध्ये नाही म्हणालीस, तेव्हा मला तुझा एवढा राग आला होता की दादाला फोन करून तुझी तक्रार करणार होते. आता तीच तू मला अर्धं लिहायला सांगतेस, ते माझ्या काळजीने, हे मला कळतं. पण मी ते अर्धं लिहून वर्ग वाचवला, तर उद्या त्या वर्गात उभी राहून साकेतला काय सांगू? की बाईंचं चुकलं, पण ते फक्त तुला माहीत असलेलं बरं?

आणि तुझ्या त्या डोंबिवलीच्या बाई. त्या एकट्याच खुर्चीत बसून राहिल्या असतील असं तुला वाटतं? कुणीतरी पहिल्यांदा सहीनिशी लिहायला हवं. तू तुझ्या बाजूने लिहिलंस. ही माझी बाजू.

सुशांत सर म्हणाले, “बाई, एवढं स्पष्ट?” मग स्वत:च आवक-जावकच्या टेबलापर्यंत माझ्याबरोबर आले. खुलासा आज दिला, पोच घेतली. तुला नक्कल देते. कमीजास्त काही करायचं असेल तर आता उशीर झालाय.

“मा. अध्यक्ष,
एकोण म्हणजे नऊ, असे मी चोवीस वर्षे शिकवले. ते चुकीचे होते. आता शिकवत नाही. ही चूक सदर चाचणीमुळे उघडकीस आली, त्याबद्दल चाचणी घेणाऱ्यांचे आभार. परंतु त्या चाचणीवरून एकाही मुलास वर्गाबाहेर काढण्यास माझी संमती नाही. माझ्याकडून तिसरीचा वर्ग काढून घेतल्यास मी लेखी कारण मागेन व ते पालकांच्या सभेत वाचून दाखवेन. नऊही मुले आज वर्गात हजर आहेत. त्यांना न्यायचे असल्यास वर्ग चालू असताना, माझ्यासमोर न्यावे. शनिवारी शाळा सकाळची असते.
निशा धम्मपाल जाधव, वर्गशिक्षिका, तिसरी अ”